घरट्यापासून किती अंतरावर?

बेंगळुरूत पाणपक्ष्यांची वीण पाहण्यासाठी जंगल गाठावे लागत नाही. शहरातल्या बहुतेक तळ्यांच्या काठाने फिरायची वाट आहे, वाटेपासून हाकेच्या अंतरावर पाणकणसाचे रान असते आणि त्या रानाच्या कडेला टिबुकलीचे तरंगते घरटे असू शकते. जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, कमळपक्षी, हळदी-कुंकू बदके याच पाण्यात वाढतात. तळ्यांतल्या बेटांवरच्या झाडांवर पाणकावळे, रातबगळे आणि तिरंदाज काटक्यांची घरटी रचतात. यलहंक्याचे पुट्टेनहळ्ळी तळे तर २०१५ साली पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. म्हैसूरच्या दिशेने ऐंशीएक किलोमीटर गेले की कोक्करे बेल्लूर येते, आणखी पुढे श्रीरंगपट्टणजवळ रंगनतिट्टू. विणीची इतकी ठिकाणे आणि हौशी छायाचित्रकारांचा इतका मोठा समुदाय एकमेकांच्या इतक्या जवळ असलेली महानगरे थोडीच असतील. त्यामुळे घरट्याचे, अंड्यांचे, पिल्लांचे छायाचित्र काढावे की नाही हा वाद इथे जुना आहे आणि तो हिरिरीने लढला जातो. एका बाजूचे म्हणणे, घरट्याच्या छायाचित्रणावर सरसकट बंदी हवी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, पक्षी माणसाला सरावतात, चित्रांमुळेच लोकांना पक्ष्यांविषयी आस्था वाटू लागते, आणि खरा शत्रू सांडपाणी आहे, कॅमेरा नव्हे. उपलब्ध पुरावा नीट पाहिला तर दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत आहेत असे मला वाटते. बंधन छायाचित्रावर घालून फारसे साधणार नाही. ते अंतरावर, विणीच्या टप्प्यावर आणि घरट्याच्या प्रकारावर घालायला हवे, आणि तेच बंधन तळ्याचा गाळ काढणाऱ्या ठेकेदारालाही लागू असायला हवे.

कायद्यापासून सुरुवात करू, कारण तो बहुतेकांना वाटतो त्याहून कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे तर येतेच, पण अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे हेही येते. म्हणजे बंदुकीची गोळी आणि घरट्यावरून पक्ष्याला उठवणे या दोन्ही कृती कायद्याने एकाच शब्दाखाली आणल्या आहेत. पण उपद्रव कशाला म्हणायचे, हे कायदा सांगत नाही. किती जवळ गेले म्हणजे उपद्रव, किती वेळ थांबले म्हणजे उपद्रव, याचे माप कुठेच नाही. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना लागतो. शहरातल्या तळ्यावर असा परवाना देणारे कोणी नाही आणि नाकारणारेही कोणी नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने निवडक दुर्मीळ पक्ष्यांची एक यादी केली आणि त्यांच्या घरट्याला बाधा येईल असे काहीही, छायाचित्रणसुद्धा, परवान्याशिवाय करायला मनाई केली. त्या व्यवस्थेत निदान कोणता पक्षी आणि कोणाला परवानगी हे स्पष्ट असते. आपल्याकडे तत्त्व कडक आहे आणि माप नाही. त्यामुळे प्रत्यक्षात सगळे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले आहे.

हा विवेक एका काळी लपणातून येत असे. पक्षी-छायाचित्रणाचा जन्मच मुळी घरट्यापाशी झाला. रिचर्ड आणि चेरी कर्टन या इंग्रज भावांचे, प्रत्यक्ष निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांनी सजलेले पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक १८९५ साली निघाले. भारतात ई. एच. एन. लोदर यांचे पुस्तक १९४९ चे. सालिम अलींचे स्नेही लोक वान थो यांचे १९५७ चे. बेंगळुरूत ओ. सी. एडवर्ड्स, त्यांचे शिष्य टी. एन. ए. पेरुमाळ आणि ई. हनुमंत राव यांनी ही कला रुजवली, आणि संडूरच्या मराठी राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे, जे पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्रीही झाले, याच परंपरेतले. त्या पिढीने घरटे निवडले यामागे साधे तांत्रिक कारण होते. लेन्सची पोहोच कमी, फिल्म मंद. उडता किंवा चरता पक्षी हाती लागणे कठीण. पक्षी पुन्हा पुन्हा त्याच जागी येईल अशी खात्रीची जागा एकच, घरटे. त्यासाठी कापडाचे लपण उभारायचे, पक्षी त्याला सरावेपर्यंत ते टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचे आणि मग आत तासन्‌तास निश्चल बसायचे. आज हे कारण उरलेले नाही. लांब पल्ल्याची लेन्स आणि मंद प्रकाशातही काम करणारा कॅमेरा हौशी माणसाच्या हातात आहे. पण ज्या तंत्राने अंतर राखणे शक्य केले, त्याच तंत्राने छायाचित्रकारांची संख्या अनेक पटींनी वाढवली, आणि लपणात शिकला जाणारा संयम त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

आता पुरावा. पाणपक्ष्यांच्या वसाहतींवर माणसाच्या वावराचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून चालू आहे. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाजवळ रातबगळ्यांच्या वसाहतींवर ट्रॉम्ब्ले आणि एलिसन यांनी केलेला, १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अजूनही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात टप्प्याचा मुद्दा ठळक झाला. अंडी घालण्याच्या आधी किंवा घालण्याच्या काळात वसाहतीत माणूस गेला तर नव्याने बांधलेली घरटी सोडून दिली जातात, अंडी लुटली जातात आणि उशिरा येणाऱ्या जोड्या तिथे घरटी करायचे टाळतात. हा रातबगळा आणि बेंगळुरूच्या तळ्यांवर संध्याकाळी आवाज देत उडणारा रातबगळा एकाच जातीचे आहेत. १९९३ साली फ्लोरिडातल्या एका अभयारण्यातील भेट देणाऱ्यांच्या वर्तनाचा अभ्यास मेरी क्लाइन यांनी प्रसिद्ध केला. पाणपक्ष्यांना सर्वाधिक अस्वस्थ करणारे लोक छायाचित्रकार निघाले, कारण गाडीतून उतरून पायी पक्ष्याकडे चालत जाण्याकडे त्यांचा कल इतरांपेक्षा जास्त होता. दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, रॉजर्स आणि स्मिथ यांनी फ्लोरिडातच घरट्यांवरचे पक्षी किती अंतरावरून उठतात हे मोजले. बगळे-करकोच्यांच्या वसाहतींपासून सुमारे १०० मीटर, आणि जमिनीवर वीण करणाऱ्या सुरय व त्यांच्या जातभाईंच्या वसाहतींपासून सुमारे १८० मीटर दूर राहावे अशी शिफारस त्यांनी केली. त्या मापात एक शहाणपण आहे. पक्षी उठतो त्या अंतरावर त्यांनी आणखी ४० मीटर वाढवले, कारण उठण्याआधी कितीतरी वेळ पक्षी अस्वस्थ झालेला असतो.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप शास्त्रज्ञांकडूनच आला, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुरय पक्ष्यांचे ज्येष्ठ अभ्यासक इयन निस्बेट यांनी २००० साली लिहिले, की पाणपक्ष्यांच्या वसाहतींना माणसाच्या वावराने हानी होते असे जे सर्रास म्हटले जाते, त्यामागचा ठोस पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही. अनेक वसाहती माणसाला सरावतात, आणि व्यवस्थापनाने पक्ष्यांना सरावू देणे हाही एक मार्ग आहे. पुढे २०१२ मध्ये इबान्येझ-आलामो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केली, आणि संशोधकांच्या घरट्यांना दिलेल्या भेटींमुळे घरटी लुटली जाण्याचे प्रमाण एकंदरीत वाढते असे काही त्यांना आढळले नाही. सरसकट बंदी मागणाऱ्यांनी हे दोन निष्कर्ष पचवायला हवेत. पण ते वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. संशोधकाची भेट मोजकी असते, ठरलेल्या वेळी असते, अंड्यांचे माप घेऊन तो निघून जातो. रविवारी सकाळी एकाच घरट्यासमोर एकामागून एक येणारे कॅमेरे म्हणजे संशोधकाची भेट नव्हे. शिवाय ‘एकंदरीत’ या शब्दात अनेक जाती आणि अनेक प्रकारची घरटी मिसळलेली असतात; टिबुकलीचे काय होते ते त्या सरासरीतून कळत नाही.

सरावण्याच्या मुद्द्याला याहून नेमके उत्तर इक्वादोरमधून मिळते. तिथल्या कुयाबेनो राखीव जंगलात तळ्यांच्या काठी हॉटझिन नावाचा पक्षी घरटी करतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्युलनर आणि सहकाऱ्यांनी पर्यटक येणारी आणि न येणारी घरटी ताडून पाहिली. प्रौढ पक्षी पर्यटकांना सरावले होते, सहज उडून जात नव्हते. बघणाऱ्याला वाटले असते की सगळे ठीक आहे. पण पर्यटक येणाऱ्या घरट्यांतली पिल्ले कमी जगत होती आणि त्रास दिल्यावर त्यांच्या रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाण अधिक चढत होते. या एका निष्कर्षाने ‘पक्षी उठला नाही म्हणजे त्रास झाला नाही’ हा छायाचित्रकारांचा लाडका निकष कोलमडतो. ड्रोनच्या बाबतीतही तोच धडा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समध्ये केलेल्या प्रयोगांत ड्रोन सावकाश आणि तिरपा नेल्यावर बहुतेक वेळा पक्ष्यांपासून चार मीटरपर्यंत पोहोचला तरी त्यांच्यात बदल दिसला नाही. थेट डोक्यावरून खाली आणला की मात्र पक्षी बिथरले. हे पक्षी विणीतले नव्हते. २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका इथे सुरय पक्ष्यांच्या विणीच्या वसाहतीत एक ड्रोन कोसळला तेव्हा पक्षी हजारांहून अधिक अंडी सोडून निघून गेले. मोकळ्या पाण्यावरच्या पक्ष्याने जे सहन केले ते घरट्यावरचा पक्षी सहन करेल, असे मानायला काहीच आधार नाही.

सगळा वाद ‘घरटे’ या एकाच शब्दाखाली चालवला जातो, ही त्याची मोठी उणीव. बेंगळुरूच्या पाण्यावरची घरटी निदान तीन अगदी वेगळ्या प्रकारांची आहेत आणि प्रत्येकाचा धोका वेगळा आहे. पहिली झाडांवरची वसाहत, जिला मराठीत सारंगागार म्हणतात: चित्रबलाक, झोळीवाले, बगळे, पाणकावळे. ती उंच असते, उघडी असते, दुरून दिसते. इथे सर्वांत नाजूक काळ घरटी बांधण्याचा आणि अंडी घालण्याचा, म्हणजे नेमका तो काळ ज्यात छायाचित्रकारांना फारसे स्वारस्य नसते आणि म्हणून जेव्हा त्यांच्यावर कोणाचे लक्षही नसते. पिल्ले मोठी होऊ लागली की घरटे सोडून देण्याचा धोका कमी होतो, पण दुसरा वाढतो. दचकलेली अर्धवट वाढलेली पिल्ले फांदीवर सरकतात आणि खाली पडतात, आणि खाली पडलेल्या पिल्लाला आईबाप भरवत नाहीत. त्यात दख्खनचे ऊन. भर दुपारी चित्रबलाक पंख पसरून पिल्लांवर सावली धरतो, चोचीतून पाणी आणून त्यांच्यावर सोडतो. अंड्यातला जीव साधारण ४१ अंश सेल्सियसच्या पुढे फार काळ तगत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या फांदीवर मोठा पक्षी काही मिनिटे उठून गेला तर ती मिनिटे महागात पडतात. बेंगळुरूत कावळे आणि घारी कचऱ्यावर पोसलेल्या आहेत. त्यांना तेवढी संधी पुरते.

दुसरा प्रकार तरंगत्या घरट्यांचा, आणि माझ्या मते शहरातल्या छायाचित्रणाचा खरा प्रश्न इथे आहे. टिबुकली पाणवनस्पतींचा ओला ढीग करून त्यावर अंडी घालते. घरटे सोडताना ती वनस्पतींचे तुकडे ओढून अंडी झाकते. पण अचानक कोणी पुढ्यात आले तर झाकायला वेळ मिळत नाही, आणि ती न झाकता पाण्यात बुडी मारते. दूरच्या माणसाला हे दिसतही नाही, कारण त्याच्या दृष्टीने पक्षी फक्त गायब झालेला असतो. कमळपक्ष्यांमध्ये अंडी उबवण्याचे आणि पिल्ले वाढवण्याचे सगळे काम नर करतो, मादी पुढच्या नराकडे जाते. म्हणजे त्या घरट्याला पालक एकच. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचा नर त्रास झाला तर अंडी दुसऱ्या जागी हलवतो, कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर पिल्लांना पंखाखाली धरून नेतो. छायाचित्रकाराला हा प्रसंग दुर्मीळ क्षण वाटतो. पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर ते अनेकदा स्थलांतर करायला लावणे असते. अंड्यातून बाहेर पडताच चालू-पोहू लागणाऱ्या पिल्लांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ती धोक्याच्या इशाऱ्यावर दडतात, कमळपक्ष्याचे पिल्लू तर चोचीचे टोक तेवढे वर ठेवून पाण्यात राहते. माणूस आणि पिल्ले यांच्यामध्ये पालक अडकला की जोवर माणूस तिथे आहे तोवर ऊबही नाही आणि चारणेही नाही. तिसरा प्रकार जमिनीवरच्या घरट्यांचा: टिटवी, शेकाट्या, नदीतल्या खडकांवर वीण करणारा नदी सुरय. टिटवी उन्हात पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंडी गार करते. आरडाओरडा करून ती माणसाला दूर खेचू पाहते, आणि तो आरडाओरडाच कावळ्याला जागा सांगतो. कोरड्या तळ्याच्या पात्रात चारचाकी नेणाऱ्याला आपण काय चिरडले हे कळतही नाही, कारण अंडी मातीसारखीच दिसतात.

या तीन प्रकारांना एकच नियम लावता येत नाही, हे लेन्सच्या साध्या गणितानेही पटेल. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर १०० मीटरवर चौकटीची रुंदी ६ मीटर येते. चित्रबलाक उभा राहिला की मीटरभर उंच, पंखांचा पसारा दीड मीटर. म्हणजे फ्लोरिडातल्या अभ्यासकांनी सुचवलेल्या अंतरावरूनही आईबाप, पिल्ले आणि फांदी यांचे उत्तम चित्र मिळते. जवळ जाण्याला कारण उरत नाही. टिबुकली मात्र पाव मीटरची. १०० मीटरवरून ती चौकटीच्या चोविसाव्या भागाएवढी येते. म्हणून मोह तिथेच होतो, आणि जिथे मोह जास्त तिथेच पक्ष्याची सोसण्याची ताकद कमी. सारंगागाराचे छायाचित्र सार्वजनिक वाटेवरून, थांबलेल्या जागेवरून घ्यायला हरकत नाही, निदान पिल्ले दिसू लागल्यानंतर. तरंगत्या आणि जमिनीवरच्या घरट्यांसाठी वाट सोडून एक पाऊलही पुढे टाकू नये, आणि जमिनीवरच्या घरट्यासमोर तर थांबूही नये, असे मी म्हणेन. १०० मीटरचा आकडा फ्लोरिडाचा आहे, हे खरे. बेंगळुरूची कित्येक तळी इतकी लहान आहेत की वाटेवरचा प्रत्येक माणूस त्या रेषेच्या आत असतो. पण वाट आधी होती आणि पक्ष्याने ती पाहून घरट्याची जागा निवडली. वाटेवरून चालत जाणारा माणूस त्याने हिशेबात धरलेला आहे. वाट सोडून वाकून, थांबत, त्याच्याकडेच पाहत येणारा माणूस त्या हिशेबात नाही, आणि त्याची चाल शिकारी प्राण्यासारखी दिसते.

इथे कोक्करे बेल्लूरचा दाखला हटकून दिला जातो. मंड्या जिल्ह्याच्या मद्दूर तालुक्यातल्या या गावात चित्रबलाक आणि ठिपकेदार चोचीचे झोळीवाले घरांच्या डोक्यावरच्या चिंचांवर, वड-पिंपळांवर वीण करतात. वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी १९७६ मध्ये ही वसाहत अभ्यासकांच्या नजरेस आणली. २००७ साली ती सामुदायिक राखीव क्षेत्र झाली. खाली बैलगाड्या, शाळेची मुले, लग्नाच्या मिरवणुका, आणि वर पक्षी शांत. मग कॅमेऱ्याने काय बिघडते? पण बेल्लूरचे लोक काय करतात तेही पाहावे. ते झाडावर चढत नाहीत, घरट्याकडे टक लावून उभे राहत नाहीत, विणीच्या काळात चिंचा झोडपत नाहीत. चिंचेचे उत्पन्न बुडते म्हणून झाडांच्या मालकांना वनखाते भरपाई देते. पक्ष्यांची विष्ठा गाळात मिसळून शेताला खत म्हणून जाते. हे पक्षी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, असे गावकरी सांगतात. घरट्यातून पडलेल्या पिल्लांना वाढवण्यासाठी गावात ‘हेज्जार्ले बळग’ या तरुणांच्या गटाने काम केले. कन्नडमध्ये झोळीवाल्याला हेज्जार्ले म्हणतात. म्हणजे पक्षी माणसाला सरावले आहेत ते पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्या वागणाऱ्या, ओळखीच्या माणसांना. रंगनतिट्टूतही तसेच. सालिम अलींच्या आग्रहावरून म्हैसूरच्या राजांनी १९४० साली अभयारण्य केलेल्या, २०२२ पासून रामसर स्थळ असलेल्या त्या बेटांमध्ये वनखात्याच्या वल्ह्यांच्या होड्या ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेगाने फिरतात, आणि पक्षी जवळून दिसतात. ही दोन्ही उदाहरणे अंतराच्या नियमाला खोडून काढत नाहीत. पक्षी कशाला सरावतो ते ती सांगतात: ठरलेल्या मार्गाला, ठरलेल्या वेळेला, न बदलणाऱ्या वर्तनाला. नेमके हेच रविवारच्या गर्दीत नसते.

चित्रांमुळे आस्था निर्माण होते, हा मुद्दा खरा आहे आणि मी तो मनापासून मानतो. सालिम अलींच्या सुगरणीवरच्या निरीक्षणांपासून मारुती चितमपल्लींच्या नवेगावच्या लेखनापर्यंत, पक्ष्यांच्या संसाराविषयी मराठी वाचकाला जे प्रेम वाटते ते घरट्याजवळ बसणाऱ्या माणसांनीच दिलेले आहे. पण आस्था निर्माण करायला एक चित्र पुरते. त्याच घरट्याची पाचशे चित्रे नवी आस्था निर्माण करत नाहीत, ती फक्त गर्दी वाढवतात. खरी हानी पुष्कळदा पहिल्या चित्रकाराकडून होतच नाही. त्याने फोनवरच्या गटात जागा सांगितली की पुढच्या दोन दिवसांत येणाऱ्यांकडून ती होते. म्हणून घरट्याची जागा विणीचा हंगाम संपेपर्यंत सांगू नये हा नियम अंतराच्या नियमाइतकाच महत्त्वाचा. भारतातल्या अनेक निसर्ग-छायाचित्र स्पर्धा घरट्यांची चित्रे घेत नाहीत, ते मला योग्य वाटते, कारण बक्षीस नेहमी जवळिकीला मिळते. पण अभ्यासाची गोष्ट वेगळी. वीण कधी, कुठे, किती यशस्वी हे कळल्याशिवाय तळ्यांचे रक्षण करता येत नाही. एस. सुब्रमण्य यांनी १९९६ साली भारतातल्या सारंगागारांचा जो आढावा प्रसिद्ध केला, तो अशाच नोंदींवर उभा आहे. ई-बर्डवर नोंद करताना घरटे बांधणे, चोचीत खाद्य नेणे, उडू लागलेली पिल्ले दिसणे यांसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. त्या दुर्बिणीतून, वाटेवर उभे राहून भरता येतात. चोचीत मासा घेऊन एकाच दिशेने पुन्हा पुन्हा जाणारा पक्षी पुरेसा पुरावा असतो. अंड्यांचे जवळून घेतलेले चित्र त्यात काही भर घालत नाही.

राहिला सर्वांत मोठा आक्षेप: पक्ष्यांचे खरे नुकसान सांडपाणी, अतिक्रमण आणि बांधकाम करते, मग छायाचित्रकाराच्या मागे का लागायचे? बेळ्ळंदूर तळ्यावर फेस आला आणि पाण्यावर आग लागली, ते कॅमेऱ्यामुळे नव्हे, हे उघड आहे. पण या आक्षेपाचा उपयोग छायाचित्रकाराला सोडून देण्यासाठी न करता नियम पुढे नेण्यासाठी करायला हवा. तळ्यांच्या पुनरुज्जीवनाच्या कामात गाळ काढताना काठ सरळ तासले जातात, उथळ पाणी नाहीसे होते, पाणकणीस आणि जलपर्णी एकाच वेळी सगळीकडून उपसली जातात, बेटांवर दिवे पडतात. उथळ पाण्याविना कमळपक्षी नाही आणि पाणकणसाविना जांभळी पाणकोंबडी नाही. एखाद्या छायाचित्रकाराने एक घरटे उठवले तर कायदा त्याला शिकार म्हणू शकतो. विणीच्या हंगामात यंत्र लावून पाणकणसाचा अख्खा पट्टा उपसला तर त्याला सुशोभीकरण म्हणतात. दोन्हीकडे घरट्याला होणारा उपद्रव एकच आहे. जक्कूरला सांडपाणी शुद्ध करून ते पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून तळ्यात सोडले जाते. तो पट्टा पाणी गाळण्यासाठी ठेवला, पण तोच पक्ष्यांनाही आसरा देतो. असा निदान एक काठ प्रत्येक तळ्यावर हात न लावता ठेवता येईल. तळ्याच्या कामाचे वेळापत्रक आणि छायाचित्रकाराचे वेळापत्रक यांना एकच विणीचे कोष्टक लागू असेल, तर छायाचित्रकारालाही आपल्यालाच वेगळे काढले असे वाटणार नाही, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहणारे डोळे त्याच्याच रूपाने रोज तळ्यावर हजर असतील.

महाराष्ट्रालाही हे लागू आहे. उजनीच्या पाणलोटात उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरयांची वीण होते, इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडी तलावावर चित्रबलाकांचे सारंगागार आहे, आणि दोन्हीकडे होड्या आणि कॅमेरे पोहोचलेले आहेत. पण बेंगळुरूकडे आज जे आहे ते इतर शहरांकडे क्वचितच आहे: तळ्यांच्या देखरेखीत भाग घेणारे रहिवाशांचे गट, रोज नोंदी करणारे पक्षीनिरीक्षक आणि जवळच्या गावात पक्ष्यांशी जुळवून घेतल्याचा पिढ्यांचा अनुभव. त्या गटांनी आपापल्या तळ्यासाठी विणीचे कोष्टक तयार करावे, तळ्याच्या फाटकावर ते कन्नड आणि इंग्रजीत लावावे, त्यात झाडांवरच्या, तरंगत्या आणि जमिनीवरच्या घरट्यांसाठी वेगवेगळी अंतरे लिहावीत, आणि महापालिकेकडून त्या काळात त्या काठावर यंत्र चालणार नाही असे लेखी घ्यावे. छायाचित्रकारांच्या संस्थांनी आपल्या नव्या सभासदांना लेन्सच्या आधी हे कोष्टक शिकवावे. जून उजाडण्याआधी, तळ्यांवर पावसाळी वीण सुरू होण्यापूर्वी, हे काम व्हायला हवे.